लाल फुली

अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते,
म्हणून फॉर्मवर वडिलांची सही लागली.
धान्याच्या कोठारावरून ते तसेच आले,
भुवयांवर गव्हाचा भुसा,
आणि भरतीवाल्याने पान उलटायच्या आत सही करून मोकळे झाले.
गाडीत म्हणाले, "चष्मा घरी राहिला होता."
नेब्रास्काचा रस्ता सरळ असतो.
पुढे दोघंही काही बोललो नाही.

उत्तर डकोटा. उणे एकतीस.
विमान माझ्याहून वयानं मोठं,
हवेत इतरांना इंधन पाजणारं;
पोटाखाली लालसर तेल ठिबकायचं.
मिनिटाला दोन थेंब चालतात, तीन चालत नाहीत.
मी घड्याळ धरून मोजत बसायचे.
सार्जंट ऑर्वल ट्रुडेल हातमोजे काढून तार पिळायचे,
म्हणायचे, बोटांना कळतं ते डोळ्यांना कळत नाही.

शाळेत फुली म्हणजे चुकलं, चला पुढे.
इथल्या वहीत लाल फुली म्हणजे विमान हलणार नाही.
ती खोडता येत नाही.
तिच्यासमोर कुणीतरी आपलं नाव लिहावं लागतं.
"वाचल्याशिवाय सही नाही," ट्रुडेल म्हणाले,
आणि मला चष्मा विसरलेला एक माणूस आठवला.

एकोणिसाव्या वर्षी, एका रात्री
अवजारांच्या खणात कोरलेली एक जागा रिकामी निघाली.
पाव इंची सॉकेट. करंगळीच्या पेराएवढं.
तीन विमानांवर फुल्या पडल्या.
चाळीस माणसं बर्फात गुडघ्यांवर, टॉर्च दातांत.
चारच्या सुमाराला, कोटाच्या फाटक्या अस्तरात
माझ्या बोटांना ते लागलं.
कोमट होतं,
माझ्याच अंगाच्या उबेनं.

मी ते जॅकच्या पायाशी हळूच सोडलं
आणि दुसऱ्या कुणाला तरी सापडू दिलं.
टाळ्या. कॉफी.
ट्रुडेल अवाक्षर बोलले नाहीत.
सकाळी माझ्या खणावर सुई होती, जाड दोरा ओवलेली.

मग ते सगळं झालं जे कागदावर नीट बसतं:
रात्रीचं कॉलेज, पदवी, अधिकाऱ्याची शपथ.
पहिला सॅल्यूट ट्रुडेलनी ठोकला,
निवृत्त, गणवेश पोटावर तंग.
रिवाजाप्रमाणे मी त्यांना चांदीचा डॉलर दिला.
त्यांनी तो उजेडात धरला, दोन्ही बाजू वाचल्या,
खिशात टाकला, आणि खिसा बाहेरून थोपटून पाहिला.

वाळवंटातला तळ, जिथे पाना उन्हात राहिला तर कातडी सोलायचा.
एक लग्न, जे बदल्यांच्या वेळापत्रकात बसलं नाही.
आणि शेवटी हे दार, त्यावर माझं नाव:
लेफ्टनंट कर्नल कॉरिन हॅग्लंड. कमांडर.

या फेब्रुवारीत त्या दारात तेविता फोनुआ उभा राहिला.
वीस वर्षांचा, युटाहचा. तळहातावर ड्रिलचं पातं.
"मॅडम, माझ्याच खिशात होतं.
बाहेर सगळे अजून शोधतायत."
"कुणी पाहिलं तुला?"
"नाही, मॅडम."
मी नियमातलं जे होतं ते बोलले:
आठवडाभर अवजारांना हात नाही.
तो "थँक यू" म्हणाला, आणि खरंच म्हणाला.
मी सुई शोधली खणात. नव्हती.

सोमवारी हँगरमध्ये पाचशे माणसं रांगेत.
भाषणाची घडी मी उघडलीच नाही.
म्हणाले, बावीस वर्षांपूर्वी एक सॉकेट हरवलं होतं.
ते माझ्याकडे होतं.

पत्र्यावर वारा वाजत राहिला.
मागे कुणीतरी हसलं, मग थांबलं.
तेविता समोर बघत होता, नियमाप्रमाणे.
माझ्या पाठीमागे, जुन्या पोटाखाली,
तेलाचा थेंब पडला.
सवयीनं मी मोजलं.
मग दुसरा.
मग कान देऊन उभी राहिले.